गेन वाढवला की अ‍ॅम्प भुणभुणतो: मेटलसाठी दुसरा अ‍ॅम्प घेण्याआधी काय तपासायचं

"भाऊ, हा अ‍ॅम्प मेटलचा नाही. दुसरा घ्या लागते." फोन वणीहून येवो, हिंगणघाटहून येवो की आर्वीहून, सुरुवात हीच असते. माझा मूळ धंदा डीजे, ऑर्केस्ट्रा आणि भजनी मंडळांचे अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करण्याचा. मेटल, म्हणजे जड रॉक संगीत, वाजवणाऱ्या गिटारवाल्या पोट्ट्यांचे अ‍ॅम्प त्यातच येत गेले. आता गॅदरिंगचा सीझन आला की बाकावर अर्धे अ‍ॅम्प त्यांचेच असतात, आणि त्यातल्या बहुतेकांच्या आत काहीच बिघडलेलं नसतं.

हाय-गेन अ‍ॅम्प म्हणजे आत शिरलेली बारीकशी गोष्ट शेकडो-हजारो पट मोठी करणारं यंत्र. ६० डेसिबल गेन म्हणजे सरळ १००० पट. पिकअपमधून (गिटारच्या तारांखालची चुंबकी कॉइल) तारेचा बारीकसा सिग्नल येतो, त्याच्यासोबत चोकची, फॅनच्या रेग्युलेटरची, सुटलेल्या अर्थिंगची घाणही येते. क्लीन चॅनेलवर ती ऐकू येत नाही म्हणून ती नाहीच असं वाटतं. नवा अ‍ॅम्प आणला तरी तीच घाण त्यातही शिरणार, फक्त जास्त पैशात.

लक्षणं

'आवाज खराब येते' एवढ्यावर कोणालाच काही सांगता येत नाही. आधी नीट ऐका.

जाड, एकसुरी हम. गिटार नेहमीच्या ट्यूनिंगला लावून सहाव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरचा जी वाजवून पाहा. तो ९८ हर्ट्झचा असतो. हम त्याच्याशी जवळपास जुळून किंचित चढा वाटला तर तो १०० हर्ट्झचा आहे, म्हणजे बहुधा अ‍ॅम्पच्या आतल्या पॉवर सप्लायचा. त्याच्या एक सप्तक खाली वाटला तर ५० हर्ट्झचा, म्हणजे केबल, अर्थिंग किंवा पिकअपमधून बाहेरून आलेला. तार ट्यूनरने लावायची, हम मात्र कानाने ओळखायचा.

तिखट भुणभुण. तारांवर हात ठेवला की कमी होते, उचलला की वाढते.

शिट्टी. वाजवणं थांबलं की लगेच किंचाळायला लागते, गिटार अ‍ॅम्पकडे वळवली की जास्त.

चरचर, कडकड. केबल हलवली किंवा नॉब फिरवला की येते.

गोंगाट नाही, पण टोनच नाही. पाम म्यूटचा (तळहाताने तार दाबून वाजवलेला) 'चग' उमटत नाही, सगळं मधमाश्यांच्या पोळ्यासारखं घोंगावतं.

संध्याकाळी आवाज बसतो, सकाळी तोच अ‍ॅम्प ठणठणीत.

आणि माइकला ओठ लागले की झटका. हे टोनचं लक्षण नाही. हे असेल तर वाजवणं तिथेच थांबवा, मधलं सगळं सोडा आणि खाली अर्थिंगचा भाग आधी वाचा.

फुकटातल्या तपासण्या

पहिलं काम, अ‍ॅम्पच्या इनपुटमधली केबल काढा. काढताना मास्टर (एकूण आवाजाचा नॉब) खाली करा, नाहीतर स्पीकरवर धाडकन आवाज येईल. मग गेन आणि मास्टर नेहमीच्या जागी आणा. बहुतेक अ‍ॅम्पमध्ये पिन काढली की इनपुट सॉकेट सिग्नलला आपोआप ग्राउंडला जोडतं, म्हणून ही कसोटी खरी ठरते. आवाज गप्प झाला तर दोष अ‍ॅम्पच्या अलीकडे आहे: गिटार, केबल, पेडल, खोली. तसाच राहिला तर अ‍ॅम्प किंवा लाइन. आता मास्टर शून्यावर न्या. तरीही हम येतोय म्हणजे तो मास्टरच्या पुढे, पॉवर अ‍ॅम्पमध्ये किंवा सप्लायमध्ये शिरतोय. शून्यावर हम गेला तर मास्टरच्या आधीची, म्हणजे प्रीअ‍ॅम्पची बाजू बघायची. दोन मिनिटांत अर्धी शंका मिटते, आणि फोनवर सगळ्यात आधी मी हेच करायला लावतो. ऐकणारे थोडेच.

दुसरं, गेन खाली आणा. हे सांगितलं की पोट्ट्यांचं तोंड उतरतं. पण यामागचं कारण समजून घ्या. रेकॉर्डवर जो जाड मेटल आवाज ऐकू येतो तो बहुतेक वेळा एका गिटारचा नसतोच. तीच रिफ (पुन्हा पुन्हा येणारी धून) दोनदा, कधी चारदा वेगवेगळी वाजवून डाव्या-उजव्या बाजूला ठेवलेली असते, आणि खालचा गुरगुराट बराचसा बेस गिटारचा असतो. तो जाडपणा एका गिटारमधून काढायला जाल तर गेन दहावर जातो, सुराचा पहिला ठोका हरवतो आणि उरतो तो गोंगाट. गेन पाच-सहावर ठेवा, उजव्या हाताने जोरात वाजवा.

मिड शून्यावर नेण्याची खोड सोडा. घरी एकट्याने वाजवताना ते भारी वाटतं. ड्रमर आला की गिटार गायब, मग व्हॉल्यूम वाढवायचा, मग शिट्टी. मिड सहाच्या आसपास, बेस चारवर, ट्रेबल पाचवर, इथून सुरुवात करा.

'चग' येत नाही याचं खरं कारण मात्र बहुधा बेस असतो. गेनच्या आधी जास्त बेस शिरला की डिस्टॉर्शन, म्हणजे गेनने मुद्दाम आणलेला फाटका आवाज, तो नीट सांभाळू शकत नाही आणि सगळं फुगतं. जाड तार ड्रॉप सी, ड्रॉप बी अशा खालच्या सुरांना उतरवलेली असेल तर आणखीच. उपाय जुना आहे. १९८१ सालचं मार्शल जेसीएम ८०० चं २२०३ मॉडेल स्वतः आजच्या मानाने फार गेनचं नाही. लोकांनी त्याच्या पुढे ट्यूब स्क्रीमर जातीचं हिरवं पेडल लावलं, ड्राइव्ह शून्यावर, लेव्हल वर. ते पेडल खालचा बेस कापतं, मधला भाग पुढे ढकलतं, आणि अ‍ॅम्पच्या तोंडाशी सिग्नल आवळलेला पोहोचतो. बेस हवाच असेल तर तो गेननंतर द्यायचा, म्हणजे अ‍ॅम्पच्या रेझोनन्स किंवा डेप्थ नॉबने. आधी कापा, नंतर भरा. स्वस्तातली नक्कल पेडलंही हे काम बऱ्यापैकी करतात.

तिसरं, जागा बदला. गिटार गळ्यात ठेवून हळूहळू गोल फिरा. एका दिशेला भुणभुण जवळजवळ नाहीशी झाली तर पिकअप एखाद्या ट्रान्सफॉर्मरचं किंवा वायरिंगचं चुंबकीय क्षेत्र पकडतंय. आता एकेक वस्तू बंद करत जा: जुन्या चोकची ट्यूबलाइट, स्वस्त एलईडी, पंख्याचा गोल फिरणारा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, मोबाइलचा चार्जर. गावाकडे रेग्युलेटर हा सगळ्यात मोठा गुन्हेगार आहे, कारण तो प्रत्येक सायकलमध्ये करंट मध्येच तोडतो आणि त्या तोडण्याचा तिखट कण लाइनभर पसरतो. पंखा पूर्ण पाचवर ठेवा किंवा बंद करा. मे महिन्यात ४५ अंशांत पंखा बंद करून मेटल वाजवा म्हणणं क्रूर आहे, हे मान्य.

सिंगल कॉइल पिकअपवर मेटल वाजवत असाल तर ही भुणभुण पूर्ण कधीच जाणार नाही. हंबकरमध्ये दोन कॉइल उलट्या जोडलेल्या असतात, त्यामुळे बाहेरचा हम एकमेकांत कटतो आणि तारेचा सिग्नल राहतो. गिब्सनच्या सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये हे काम केलं ते याच त्रासापायी. गिटारला दोन्ही प्रकारचे पिकअप असतील तर स्विच ब्रिजजवळच्या (तारा खाली जिथे अडकतात त्या धातूच्या पट्टीजवळच्या) हंबकरवर टाका आणि पुन्हा ऐका.

शंभर-दोनशे रुपयांपासून

केबल. दुसरी चांगली केबल लावून बघा, मित्राची मागून आणा. पिनच्या आतला शिल्डचा डाग सुटला की केबल वाजते, पण सोबत प्रचंड हम आणते, त्यामुळे कोणाचा तिच्यावर संशय जात नाही. पिनचं झाकण फिरवून उघडा, बाहेरची जाळीदार वायर नीट बसलीय का बघा, नसेल तर डाग द्या. काही केबल दिसायला जाड असतात आणि आत जाळी नावापुरती असते. गिटारला दोन-तीन मीटरची पुरते.

इथे एक नियम पक्का. हेडमधून (स्पीकर नसलेला नुसता अ‍ॅम्प) कॅबिनेटला (स्पीकरची पेटी) जाणारी वायर स्पीकर केबलच हवी, गिटारची शिल्डेड केबल नाही. दोन्हीच्या पिना सारख्याच दिसतात म्हणून अदलाबदल होते. गिटारची केबल तेवढा करंट वाहून न्यायला बनलेली नाही, ती तापते, शॉर्ट होते, आणि ट्यूब (काचेच्या व्हॉल्व्हचा) अ‍ॅम्प असेल तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जातो. तो ट्रान्सफॉर्मर तालुक्याला मिळत नाही, नागपूरला सीताबर्डीवर गेलात तरी नेमका तोच मिळेल याची खात्री नाही.

पेडल आणि अडॅप्टर. सगळी पेडलं काढा, गिटार सरळ अ‍ॅम्पमध्ये लावा. गप्प झालं? मग एकेक पेडल परत जोडत जा. एकाच अडॅप्टरवर साखळीने पाच पेडलं चालवली आणि त्यात एखादं डिजिटल डिले असलं तर त्याची बारीक किणकिण हाय-गेन पेडलमध्ये शिरते. पक्की खात्री करायची तर संशयित डिस्टॉर्शन पेडल ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालवून बघा. बॅटरीवर शांत आणि अडॅप्टरवर गोंगाट असेल तर पेडल निर्दोष आहे, अडॅप्टर बदला. बदलताना बघा, बहुतेक पेडलांना मधला भाग निगेटिव्ह असलेला अडॅप्टर लागतो. राउटरचा पडलेला चार्जर खुपसू नका, त्यात बहुधा मधला पॉझिटिव्ह असतो आणि कधी १२ व्होल्ट.

गिटारला अ‍ॅक्टिव्ह पिकअप असतील, ईएमजीसारखे, तर त्यांच्याही पोटात ९ व्होल्टची बॅटरी असते. ती उतरली की आवाज फाटका, आक्रसलेला येतो आणि दोष अ‍ॅम्पला लागतो. वाजवून झालं की गिटारची पिन काढून ठेवा. पिन आत असेपर्यंत बॅटरी चालूच राहते.

नॉइज गेटबद्दल सगळे विचारतात. गेट तुम्ही थांबल्यावर दार लावतं, वाजवताना उघडंच असतं. त्यामुळे रिफच्या मधल्या विरामांसाठी तो उत्तम आहे, पण अर्थिंगचा हम झाकायला घेतलात तर तार सोडताना सूर मध्येच तुटेल. आधी रोग घालवा, मग गेट घ्या.

डीजेच्या मिक्सरमध्ये सरळ पिन घातली असेल तर

गावाकडे हे फार होतं. अ‍ॅम्प नाही, मंडळाची साउंड सिस्टिम आहे, म्हणून मेटलचं पेडल सरळ मिक्सरमध्ये. आणि मग मधमाश्या. पेडल खराब नसतं. गिटारच्या अ‍ॅम्पचा स्पीकर साधारण ५ किलोहर्ट्झच्या वरचं फारसं काही ऐकवतच नाही. डिस्टॉर्शनमधली जी कडवट खरखर असते ती स्पीकरच गाळून टाकतो. डीजेच्या टॉप स्पीकरमधला हॉर्न मात्र १५ किलोहर्ट्झपर्यंतचं सगळं इमानदारीने ऐकवतो.

म्हणून मध्ये कॅबिनेट सिम्युलेशन (गिटारच्या स्पीकरची इलेक्ट्रॉनिक नक्कल) लागतं. तुमच्याकडे मल्टिइफेक्ट असेल तर त्यात कॅब नावाचा ब्लॉक किंवा आउटपुटची सेटिंग असते, ती चालू करा. उलट गाडीही तितकीच फसते: कॅब चालू ठेवून गिटारच्या अ‍ॅम्पमध्ये लावलं की एकदा नकली आणि एकदा खरा स्पीकर, दोनदा गाळलं जातं आणि आवाज गोधडीत गुंडाळल्यागत येतो. मिक्सर किंवा साउंड सिस्टिम (पीए) असेल तर कॅब चालू, गिटार अ‍ॅम्प असेल तर बंद.

भजनी मंडळाच्या अ‍ॅम्प्लिफायरच्या माइक इनपुटमध्ये नुसती गिटार लावू नका. गिटारच्या पिकअपला साधारण १ मेगाओहमचं इनपुट हवं, माइकचं इनपुट काही किलोओहमचं असतं. पिकअप दबतो, वरचे सूर मरतात. मध्ये डीआय बॉक्स हवा, तो गिटारचा सिग्नल माइक इनपुटला जुळवून देतो.

अर्थिंग

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण आपल्या भागातले निम्मे 'खराब अ‍ॅम्प' इथे बरे होतात, आणि जीव जाऊ शकतो तोही इथेच.

गिटारच्या तारा ब्रिजमधून केबलच्या शिल्डला, शिल्ड अ‍ॅम्पच्या लोखंडी चेसिसला आणि चेसिस थ्री-पिनच्या वरच्या जाड पिनेला जोडलेली असते. तुम्ही तारेला हात लावला की भुणभुण कमी होते ती यामुळेच: तुमचं शरीर अँटेनासारखं घाण गोळा करतं आणि हात लावला की ती घाण ग्राउंडला जाते. म्हणजे हात लावल्यावर आवाज थोडा कमी होणं नॉर्मल आहे. खूप कमी होत असेल तर गिटारच्या आतलं शिल्डिंग कमी आहे. काहीच फरक पडत नसेल किंवा आवाज वाढत असेल तर ब्रिजखालची ग्राउंड वायर सुटलीय किंवा बोर्डात अर्थिंगच नाही.

आता बोर्डाकडे बघा. थ्री-पिनचं सॉकेट आहे म्हणजे अर्थिंग आहे असं नाही. अनेक घरांत वरच्या भोकामागे काहीच जोडलेलं नसतं. एक्स्टेंशन बोर्डात तीन भोकं आणि आत दोनच वायरी, हे तर रोजचं. आणि सगळ्यात वाईट प्रकार म्हणजे अर्थच्या जागी न्यूट्रल जोडून दिलेला. वायरमन म्हणतो, "काय फरक पडते, दोन्ही जमिनीतच जाते." फरक असा पडतो की कुठे न्यूट्रल तुटला तर अ‍ॅम्पची चेसिस, म्हणजेच तुमच्या गिटारच्या तारा, सरळ फेजवर येतात. हातात गिटार, ओठांशी माइक, आणि माइक दुसऱ्या अर्थला. पुढचं सांगायला नको.

अर्थिंग खरंच आहे की नाही हे वायरमन फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थमधलं व्होल्टेज मोजून, लोड देऊन सांगतो. चालू लाइनवर मीटरच्या सुया स्वतः खुपसू नका. लायसन्सवाला वायरमन बोलवा. हे काम तासाभराचं आहे, आणि बहुतेक वेळा नव्या पेडलपेक्षा स्वस्त.

आपली काळी माती पावसात ओल धरते, उन्हाळ्यात भेगाळते. भेगाळलेल्या मातीत अर्थिंगच्या पट्टीला ओलावा मिळत नाही आणि जमिनीचा रोध वाढतो. म्हणून पोळ्याच्या सुमारास गप्प असलेला अ‍ॅम्प मे महिन्यात बोंबलतो. खड्ड्यात कोळसा-मीठ भरलेलं असतं ते ओल टिकवण्यासाठी. उन्हाळ्यात त्यात आठवड्यातून एकदा-दोनदा बादलीभर पाणी ओता. फुकटचा उपाय आहे, पण खड्डा कुठे आहे तेच घरात कोणाला माहीत नसतं.

जिनिंगच्या रिकाम्या गोडाऊनमध्ये प्रॅक्टिस करणारी मंडळी असतात. जागा झकास, शेजारी तक्रार करत नाहीत. पण तिथे थ्री-फेज असते. अ‍ॅम्प एका फेजवर आणि माइकचा मिक्सर दुसऱ्या फेजवर घेतला तर दोन फेजमध्ये ४०० व्होल्टचा फरक असतो. स्टेज असो की गोडाऊन, बँडचं सगळं सामान एकाच बोर्डावरून चालवा. त्याने जीवही वाचतो आणि ग्राउंड लूपचा हमही जातो, कारण तो हम दोन ठिकाणच्या अर्थमध्ये फिरणाऱ्या करंटमुळे येतो. एकच बोर्ड शक्य नसेल तर डीआय बॉक्सवरचा ग्राउंड लिफ्ट दाबा. तो फक्त सिग्नलचा शिल्ड तोडतो, विजेचं अर्थिंग शाबूत राहतं.

थ्री-पिनची अर्थ पिन कापायची नाही. 'कापली की हम जाते' हे खरं आहे. पण त्यासोबत संरक्षणही जातं. जमलं तर प्रॅक्टिसच्या खोलीच्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) बसवून घ्या.

व्होल्टेज, इन्व्हर्टर, जनरेटर

संध्याकाळी आवाज बसतो त्याचं कारण डीपीवरच्या लोडमध्ये असतं. शेतातल्या घरी तर मोटारी सुरू झाल्या की २३० चे १८० व्होल्ट होतात. साध्या ट्रान्सफॉर्मरच्या ट्यूब अ‍ॅम्पमध्ये ट्यूबच्या हीटरला ६.३ व्होल्ट हवे असतात, १८० वर ते ४.९ च्या आसपास येतात, आणि वरचं हाय व्होल्टेजही त्याच प्रमाणात पडतं. टोन मऊ, सुस्त. इथे स्टॅबिलायझर उपयोगी पडतो. स्वस्त रिलेवाला टप्पा बदलताना 'टक्क' करतो आणि ते स्पीकरमधून ऐकू येतं, सर्वो प्रकारचा परवडला तर उत्तम. पण हेही ध्यानात घ्या की स्टॅबिलायझर व्होल्टेज सुधारतो, लाइनमधली घाण नाही.

स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर हाय-गेन अ‍ॅम्प वाजवूच नका. भुणभुण तर येतेच, ट्रान्सफॉर्मरही गुरगुरतो आणि तापतो. प्युअर साइन वेव्ह इन्व्हर्टर असेल तर हरकत नाही. लाइन आल्यावर शांत आणि इन्व्हर्टरवर गोंगाट असेल तर निदान झालंच.

एखाद्याचा मामेभाऊ अमेरिकेतून अ‍ॅम्प आणतो. मागे १२० व्होल्ट लिहिलंय का ते पिन घालण्याआधी वाचा, घातल्यावर वाचून उपयोग नाही.

थोडं हात घाण करणारं

गिटारच्या मागचं झाकण उघडायला हरकत नाही, तिथे झटका देणारं काही नसतं. आतली ग्राउंडची वायर ब्रिजला आणि पॉटच्या (नॉबखालच्या भागाच्या) पाठीला पक्की आहे का बघा. पोकळीला कॉपरची चिकटपट्टी लावून ती ग्राउंडला जोडली की तिखट भुणभुण बरीच उतरते. मात्र पट्टी सिग्नलच्या टोकाला टेकता कामा नये, नाहीतर गिटार मुकी होईल.

शिट्टी. गेन वाढवून पिकअपच्या कव्हरवर नखाने टकटक करा. स्पीकरमधून खणखणीत टकटक ऐकू आली आणि गिटारचा व्हॉल्यूम शून्य केला की शिट्टी थांबली, तर पिकअप मायक्रोफोनिक आहे. त्याच्या कॉइलमधली वायर सैल असते, ती मेणात बुडवून घट्ट करावी लागते. हे जाणकाराकडून करून घ्या. मेण जास्त तापलं तर पिकअपचं प्लास्टिक वितळतं, आणि मेण पेट घेतं ते वेगळंच.

गिटार काढूनही शिट्टी येत असेल तर प्रीअ‍ॅम्पची ट्यूब. अ‍ॅम्प चालू असताना लाकडी पेन्सिलीने एकेका ईसीसी८३ ट्यूबवर हलकेच टकटक करा. एखादी ट्यूब घंटेसारखी वाजली तर तीच. इनपुटच्या सगळ्यात जवळची पहिली ट्यूब आधी बघा, कारण तिच्यातली खोट पुढच्या सगळ्या टप्प्यांत वाढत जाते. अ‍ॅम्प बंद करा, थंड होऊ द्या, पहिली ट्यूब आणि शेवटच्या प्रीअ‍ॅम्प ट्यूबची अदलाबदल करा. शिट्टी गेली किंवा कमी झाली तर एक नवी ट्यूब आणा, अख्खा सेट नको. हे सगळं ट्यूबा मागून उघड्यावर असतील तरच. त्यांच्यासाठी चेसिस बाहेर काढावी लागत असेल तर थांबा.

इथे थांबा

ट्यूब अ‍ॅम्पच्या आत ४०० ते ५०० व्होल्ट डीसी असतं आणि पिन काढल्यावरही ते कपॅसिटरमध्ये साठून राहतं. यूट्यूब बघून चेसिस उघडू नका. पुढचं काही दिसलं तर अ‍ॅम्प बंद करून टेक्निशियनकडेच न्या: इनपुट रिकामं, मास्टर शून्य, तरी १०० हर्ट्झचा हम (फिल्टर कपॅसिटर), फ्यूज पुन्हा पुन्हा उडतो, जळका वास, पॉवर ट्यूबच्या आतली धातूची प्लेट लालबुंद होते, चेसिसला हात लागला की झिणझिण्या. फ्यूजच्या जागी वायरीचा धागा लावून 'आजचा प्रोग्राम निघून जाईल' म्हणणारा भेटतोच. प्रोग्राम निघतो, ट्रान्सफॉर्मरही निघतो. तसंच ट्यूब अ‍ॅम्प स्पीकर जोडल्याशिवाय चालू करायचा नाही.

टेक्निशियनकडे नेताना नुसता अ‍ॅम्प नेऊ नका. तुमची गिटार, तुमची केबल, अडॅप्टर सगळं न्या, आणि वर कोणत्या तपासण्या झाल्या ते कागदावर लिहून द्या. त्याचा वेळ वाचतो, तुमचं बिल कमी होतं. 'आमच्याकडे आवाज करते, तुमच्याकडे करत नाही' असं झालं तर दोष तुमच्या बोर्डात आहे, त्याच्यावर चिडू नका.

एवढं करूनही नवा घ्यायचाच असेल तर

सोल्डानो एसएलओ-१०० १९८७ मधला, पीव्ही ५१५० १९९२ मधला, मेसाचा ड्युअल रेक्टिफायर नव्वदीच्या सुरुवातीचा. हाय-गेनचा आजचा साचा यांनीच पाडला आणि त्यांच्या नकला आज पेडलांत, प्लगिनांत, मॉडेलिंग अ‍ॅम्पांत सगळीकडे आहेत. मोठा ट्यूब हेड बघून सगळ्यांना भूल पडते. पण या अ‍ॅम्पांची मेटलवाली फोड, म्हणजे डिस्टॉर्शन, मुख्यतः प्रीअ‍ॅम्पमध्ये तयार होते, पॉवर ट्यूबमध्ये नाही. म्हणजे १०० वॅटच्या ट्यूबांशिवायही ती मिळते. डायमबॅग डॅरेलने पँटेरा या मेटल बँडमध्ये रँडलचे सॉलिड-स्टेट (ट्यूबऐवजी ट्रान्झिस्टरवाले) अ‍ॅम्प वाजवून हे कधीच दाखवून दिलंय.

आपल्याकडची लाइन, उन्हाळा आणि टेम्पोतला प्रवास बघता माझं मत साफ आहे: चांगला सॉलिड-स्टेट किंवा मॉडेलिंग अ‍ॅम्प, किंवा हाय-गेन प्रीअ‍ॅम्प पेडल आणि साधा पॉवर अ‍ॅम्प. ट्यूबा बदलायच्या नाहीत, वजन कमी, आणि बिघडला तर तालुक्यातही कोणीतरी हात घालतो. इफेक्ट लूपचं (प्रीअ‍ॅम्प आणि पॉवर अ‍ॅम्पच्या मधला जोड) रिटर्न सॉकेट असलेला अ‍ॅम्प निवडा. प्रीअ‍ॅम्प पेडल समोरच्या इनपुटऐवजी रिटर्नमध्ये लावलं की अ‍ॅम्पचा स्वतःचा प्रीअ‍ॅम्प बाजूला राहतो आणि आवाज स्वच्छ येतो. १९९१ पासून शिव्या खाणारं बॉसचं मेटल झोन पेडल असं लावून बघा, त्याचा मिडचा नॉब कान देऊन फिरवा, मग शिव्या द्या. पैसे उरले तर ते स्पीकरवर घाला. प्रीअ‍ॅम्प बदलून जेवढा फरक पडतो त्याहून जास्त कॅबिनेट बदलून पडतो, आणि हे मी गिऱ्हाईकांना कानाने ऐकवून दाखवतो.

दुकानात जाताना स्वतःची गिटार आणि केबल न्या. विक्रेता क्लीन चॅनेलवर दोन गोड कॉर्ड वाजवून दाखवेल, ते ऐकून घ्या. मग केबल काढून गेन पूर्ण वर, मास्टर निम्म्यावर, आणि मिनिटभर नुसतं ऐका. नंतर गिटार लावून तुमच्याच ट्यूनिंगमध्ये सहावी तार पाम म्यूट करा, आणि गिटारचा व्हॉल्यूम अर्ध्यावर आणून बघा डिस्टॉर्शन किती साफ होतं. सेकंड हँड असेल तर प्रत्येक नॉब फिरवा, प्रत्येक सॉकेटमधली पिन हलवा आणि कमीत कमी अर्धा तास चालू ठेवा. बरेच दोष अ‍ॅम्प तापल्यावरच बाहेर येतात, आणि विकणाऱ्याला ते माहीत असतं.